आरएनए लवकर तुटतो हा दोष नाही

वर कुणीतरी लिहिलंय की आरएनए इतका नाजूक असणं ही निसर्गाची चूकच म्हणायची, मला अजिबात पटलं नाही. तो तुटतो म्हणूनच पेशीला कंट्रोल मिळतो ना. सी-फॉस सारख्या, पेशीला वाढीचा सिग्नल देणाऱ्या जीनचा एमआरएनए (जीनमधला प्रोटीन बनवायचा निरोप नेणारा आरएनए) अर्ध्या तासाच्या आतबाहेर निम्मा संपतो आणि तेच हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिनचा एक दिवसाहून जास्त टिकतो, कारण वाढीचा सिग्नल वेळेत बंद झाला नाही तर पेशी बेसुमार वाढायला लागेल.

नाजूकपणाचं मूळ म्हणजे त्याच्या साखरेवरचा एक जास्तीचा ओएच ग्रुप, तो शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडू शकतो. वर आपल्या त्वचेवरसुद्धा आरएनेज म्हणजे आरएनए तोडणारे एन्झाइम असतातच आणि त्यातले काही उकळूनही मरत नाहीत. लॅबमध्ये ग्लोव्ह्ज न बदलता ट्यूब उघडली की जेलवर (यात आरएनएचे रेणू लांबीनुसार वेगळे होतात) २८एस आणि १८एस या रायबोसोमच्या आरएनएचे दोन स्वच्छ पट्टे दिसायच्या ऐवजी खालपर्यंत नुसता धूसर ओघळ दिसतो, बघून फार जीव तुटतो हो.

आणि स्यूडोयुरिडिन (आरएनएमधल्या युरिडिन या घटकाचं थोडं बदललेलं रूप) टिकाऊपणासाठीच आणलं असं कुणाला वाटत असेल तर, शास्त्रज्ञ कारिको आणि वाइसमन यांचं त्यावरचं २००५ चं काम मुळात इम्यून सिस्टिम भडकू नये याबद्दलचं होतं, टिकाऊपणाचा मुद्दा नंतर पुढे आला. टिकवण्याची खरी कमाल बघायची तर इन्क्लिसिरान हे आरएनएचंच बनवलेलं औषध बघा, साखरेवरचा तोच ओएच बदलून टाकलाय, त्यामुळे सुरुवातीच्या डोसनंतर कोलेस्टेरॉलसाठी सहा महिन्यांतून एक इंजेक्शन पुरतं!