मदत हवी आहे: ल्युसिन झिपर डीएनएला नेमकं धरतं कुठे?

नमस्कार मंडळी,

डीएनएला बांधणाऱ्या प्रथिनांची रचना शिकतेय आणि एका जागी अडकलेय. झिंक फिंगर पटलं: जेमतेम 30 अमिनो आम्लं, दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा आयन धरतात, एक बोट साधारण 3 बेसजोड्या वाचतं. झिफ268 या प्रथिनात अशी 3 बोटं डीएनएच्या मोठ्या खाचेत ओळीने बसतात. फार सुंदर रचना आहे ती!

पण ल्युसिन झिपर? दर सातव्या जागेवरची ल्युसिनं (ल्युसिन हे एक अमिनो आम्ल) प्रथिनाच्या दोन साखळ्या एकत्र बांधतात. डीएनएला भिडतो तो झिपरला लागून असलेला धनभारित भाग. मग झिपरची गणना डीएनए बांधणाऱ्या रचनांमध्ये का? आणि जोडी न जमलेल्या एकट्या साखळीची पकड ढिली का पडते? कोणी नीट समजावेल का?