मदत हवी आहे: बेली डान्सचे व्हिडिओ, पण नक्की कोणत्या लेव्हलचे?

आमच्या घरात दोघी शिकतोय. नणंद अगदी कोरी पाटी, मी वर्षभर धडपडतेय. दोघींना एकच व्हिडिओ चालेना, म्हणून विचारतेय.

'बिगिनर' लिहिलेला एक कोर्स विकत घेतला. दहाव्या मिनिटाला बाई शिमी (कंबर भरभर थरथरवणं) करत चालायलाच लागल्या! गुडघे किती वाकवायचे, कंबरेचा आठ काढताना टाच उचलायची की नाही, काही नाही. नणंदेने पोट पुढे काढून, गुडघे ताठ ठेवून नक्कल केली आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरली. तेव्हा तिच्यासाठी असं हवंय की आधी उभं राहायला शिकवतील, छाती आणि कंबर वेगवेगळी हलवायचा सराव घेतील, आणि पाठमोरं उभं राहूनही दाखवतील. समोरून बघताना डावं-उजवं करण्यातच तिचा अर्धा तास जातो.

माझी अडचण वेगळी. हालचाली येतात, पण गाणं लागलं की गोंधळ. मक्सूम या अरबी तालाचं दुम-टेक-टेक-दुम-टेक कानाला कळतं, कंबरेला नाही. शिमीवर दुसरी हालचाल चढवली की शिमीच बंद पडते. पाठ करून घेतलेले नाच नकोत. ताल ऐकून स्वतः सुचावं, असं शिकवणारं कोणी आहे का? शक्यतो इजिप्शियन शैलीतलं.

आणि विकत घेण्याआधी लेव्हल कशी ओळखता? ट्रेलरमध्ये तर नुसता चमचमता ड्रेसच दिसतो.