दत्तक गेला की फीमाफी गेली, हे बरोबर आहे का?

शनिवारची_बाई
आमच्या जिल्ह्यातल्या एका बालगृहात मी शनिवारी गणित शिकवायला जाते. तिथल्या एका बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घ्यायला एक जोडपं तयार आहे. काका एमआयडीसीत फिटर, वय ५३, काकू ४९. वयांची बेरीज १०० च्या पुढे गेली की नियमाने आठ वर्षांखालचं मूल मिळत नाही, आणि त्यांना तर हाच हवाय.

परवा अपूर्णांक सोडवता सोडवता पठ्ठ्याने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. 'घरी' खाली लिहिलं : आई, बाबा, सायकल, कुत्रा (?). 'इथे' खाली एकच ओळ : कॉलेज फुकट.

चुकलंय कुठे त्याचं? जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी अनाथ मुलामुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, मग ते संस्थेत वाढलेले असोत की संस्थेबाहेर. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनाथ म्हणजे ज्याला जन्मदाते किंवा दत्तक आईवडीलही नाहीत असं मूल. म्हणजे दत्तक आदेशावर सही झाली की हा अनाथ राहत नाही. नऊ वर्षं संस्थेत काढलेल्या पोराने घर मिळालं म्हणून फीमाफी का सोडायची?

लेकीचा_बाप
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझी मुलगी सहा वर्षांची असताना घरी आली. पहिलं वर्षभर ती उशीखाली पोळी लपवून ठेवायची. आज आडनाव माझं लावते, भांडणं माझ्याशीच करते. उद्या प्रवेश अर्ज भरताना तिला 'अनाथ' या चौकटीत खूण करायला लावू? थोरल्यासाठी कर्ज काढलं, हिच्यासाठीही काढेन. सवलत मिळते म्हणून जे मूल घेतील, त्यांच्याकडे मूल जाऊच नये.

शनिवारची_बाई
सवलत म्हणून कोण घेतंय? इथे मूलच हिशोब मांडतंय. आणि तुमचं वय तेव्हा काय होतं? हे काका ५८ ला निवृत्त होतील, पेन्शन नाही. तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा, म्हणजे ऐन बारावीत. मोठ्या वयाच्या पालकांना मोठीच मुलं मिळणार, नियमच तसा आहे.

पेटीवाला
मी बालगृहातूनच बाहेर पडलोय. अठरा पूर्ण झाल्यावर एक पत्र्याची पेटी आणि कागदांची फाईल मिळाली. होस्टेलच्या फॉर्मवर 'पालकांची सही' हा रकाना बघून मी तासभर जिन्यात बसलो होतो. शेवटी वॉचमनमामांनी सही केली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणाचे, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराचे, महिना ४००० रुपये आहेत, तेही एकविसाव्या वर्षापर्यंत, फार तर तेविसाव्या. त्यात खोलीचं भाडं निघतं का बघा. २०१८ ला जे १ टक्का आरक्षण मिळालं, ते आमच्यासारख्यांनी भांडून मिळवलंय. त्यात आईबाप असलेले आले तर माझा साफ विरोध.

शनिवारची_बाई
आरक्षणाचं मी बोललेच नाही. तिथे जागा मोजक्या, एकाला दिली की दुसऱ्याची जाते. फीमाफीने तुमची जागा कशी जाईल?

पेटीवाला
आज फी म्हणता, उद्या जागा मागाल. बाकी फीपुरतं असेल तर… ठीक आहे, विचार करतो.

ऑस्टिनकर
अमेरिकेतला अनुभव सांगतो, आमच्या शेजारी असं एक घर आहे. इथे आधी हाच घोळ होता. दत्तक गेलं तर नव्या आईबापाची कमाई धरून मदत कापली जायची, म्हणून मोठी मुलं घर नको म्हणायची. २००७ च्या कायद्याने तेरा वर्षं पूर्ण झाल्यानंतर जे मूल फॉस्टर केअरमध्ये (म्हणजे सरकारच्या ताब्यात, तात्पुरत्या सांभाळात) होतं, ते पुढे दत्तक गेलं तरी केंद्राच्या मदतीसाठी स्वतंत्र धरतात. पालकांचं उत्पन्न मोजत नाहीत. सोळाच्या पुढे दत्तक गेलं तर वर्षाला ५००० डॉलरपर्यंत वेगळं अनुदान मिळू शकतं. आमच्या टेक्ससमध्ये तर राज्याच्या ताब्यातून दत्तक गेलेल्या बऱ्याच मुलांना सरकारी कॉलेजात फी पडत नाही. आणि अर्जात 'अनाथ होतास का, फॉस्टरमध्ये होतास का' हे एकाच प्रश्नात विचारतात. म्हणजे नुसतं 'अनाथ' एवढंच विचारत नाहीत.

लेकीचा_बाप
मग बारा वर्षं अकरा महिन्यांच्या पोराने काय पाप केलं? तो महिनाभर थांबणार? एजंटगिरीला नवं कुरण. त्यापेक्षा ओबीसी, ईडब्ल्यूएस मुलींच्या फीमाफीला आहे तशी आठ लाखांची उत्पन्नाची अट ठेवा, दत्तक असो वा पोटचा. तुमचा फिटर त्यात सहज बसेल, आणि माझ्या मुलीला कुठली खूण नको.

शनिवारची_बाई
मिळालं तर मला हेही चालेल. पण फिटरकाकांच्या मुलग्याला आज ते लागू नाही, आणि दत्तकाची फाईल आज पुढे सरकतेय. तारखेचा घोळ टाळायचा तर वय न बघता संस्थेत किती वर्षं काढली ते बघा. त्याची नोंद बालकल्याण समितीकडे असतेच.

पेटीवाला
ते सगळं होईल तेव्हा होईल. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. त्याला कुणी विचारलं का?

शनिवारची_बाई
विचारलं. म्हणाला, शनिवारी सांगतो.

पेटीवाला
त्याला सांगा, फॉर्मवर सही करणारं माणूसही 'घरी'च्या रकान्यात लिही. आणि कुत्र्याचं काय?

शनिवारची_बाई
काकूंना कुत्र्यांची भीती वाटते. मांजरावर बोलणी चालू आहेत.