टकटक करणाऱ्या जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी: क्लोन करावे की नव्याने विंडोज टाकावे?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

माझा लॅपटॉप २०१५ सालचा असून त्यात पाचव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. बटण दाबल्यापासून काम सुरू करण्याजोगा होईपर्यंत सहा-सात मिनिटे सहज जातात, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर सतत १०० टक्के दिसतो. गेल्या आठवड्यापासून आतून अधूनमधून टकटक असा आवाजही येऊ लागला आहे. आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकांच्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या सर्व फाइली याच यंत्रात आहेत. एका दुकानदाराने "एनव्हीएमई घ्या, तासाभरात क्लोन करून देतो," असे सांगितले; म्हणजे अतिवेगवान प्रकारची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवून तिच्यावर जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत उतरवायची. हे योग्य ठरेल का?

उत्तर १ (सुदामा नगर, इंदूर)

एनव्हीएमईचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. त्या काळातील बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम.२ खाचच (पट्टीसारखी एसएसडी बसवण्याची जागा) नसते, आणि असली तरी ती कित्येकदा केवळ साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) प्रकारची एसएसडी स्वीकारते. आपल्याला अडीच इंची साटा एसएसडी पुरेशी आहे. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो, तर चांगल्या एनव्हीएमईचा ३,५०० च्या आसपास. मात्र हा फरक आपल्या कामात जाणवणार नाही, कारण जुनी डिस्क अडखळते ती मोठी फाइल वाचताना नव्हे, तर विखुरलेल्या हजारो लहान फाइली शोधताना. तिथे तिची सुई तबकडीवर इकडून तिकडे धावत राहते आणि वेग सेकंदाला एक-दोन एमबीवर येतो. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही धावपळ संपते.

खरेदीपूर्वी मागचे झाकण उघडून डिस्कची जाडी पाहावी. ती ९.५ मिमी असेल, तर ७ मिमीची एसएसडी किंचित सैल बसेल. तिच्यासोबत कधीकधी प्लास्टिकची चौकट मिळते, ती फेकू नये.

उत्तर २ (वडोदरा)

वरील मत मान्य आहे, परंतु माझा आक्षेप क्लोन करण्याला आहे. टकटक करणारी डिस्क आजारी असते, आणि क्लोन करताना तिचा कोपरा न् कोपरा वाचला जातो. जी डिस्क आज कशीबशी चालते आहे, ती या श्रमानेच कायमची बंद पडू शकते. म्हणून सर्वप्रथम, दुसरे काहीही न करता, अंकांच्या फाइली आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. डीफ्रॅगमेंट (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे) तर मुळीच करू नये. त्यानंतर नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकावे. डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यास ते इंटरनेटला जोडताच आपोआप सक्रिय होते. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते, म्हणजे आपल्या पाचव्या पिढीवर नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. केवळ टंकलेखन व इंटरनेट एवढाच वापर असेल, तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) वापरून पाहायला हरकत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगणार नाही: कृतिदेव हा युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी पद्धत) फॉन्ट नाही; तो रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी दाखवतो. नव्या विंडोजमध्ये तो नसेल, तर सारा मजकूर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. म्हणून फॉन्ट्स फोल्डरमधील फॉन्टही आठवणीने उतरवून घ्या, आणि प्रत्येक अंकाची पीडीएफ आताच करून ठेवा, कारण तीत फॉन्ट सहसा समाविष्ट होतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. फाइली उतरवताना दोन फोल्डरांवर यंत्र जवळजवळ पाऊण तास अडून बसले, तेव्हा क्लोनचा मोह टाळला हे बरेच झाले असे वाटले. मागच्या झाकणाचे अकरा स्क्रू काढूनही ते निघेना. बारावा रबरी पायाखाली दडलेला होता. आता लॅपटॉप वीस-बावीस सेकंदांत सुरू होतो. फॉन्ट मात्र कृतिदेव ०१० एवढाच घेतला होता, त्यामुळे अंकांची शीर्षके अजून खिचडीतच आहेत. जुनी डिस्क पुन्हा जोडून बाकीचे फॉन्ट काढता येतील का?

उत्तर २ (वडोदरा)

येतील. साटा-यूएसबी केबलने जोडा, केवळ फॉन्ट्स फोल्डर उतरवा आणि लगेच काढून ठेवा. त्या डिस्कवर बॅकअप मात्र घेऊ नका.