वर्गणी भरली म्हणजे कान विकले का?

खिडकीकाका
परवा इथेच एकाने लिहिलं होतं, "ज्यांना गणपतीचे दहा दिवस आवाज सोसत नाही त्यांनी गावाला जावं. वर्गणी न देणाऱ्यांनी तर तोंडच उघडू नये." त्याखाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

आधी हे सांगतो की मी वर्गणी देतो. यंदा १००१ दिले, पावती फ्रिजवर लावली आहे. घरी दीड दिवसाचा गणपती असतो, अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं होतात, मोदक उकडीचेच. तेव्हा मला नास्तिक ठरवायची घाई करू नका.

आता आवाजाचं. विसर्जनाच्या रात्री इथे पुण्यात आमच्या कोपऱ्यावर भिंत उभी होती. भिंत म्हणजे स्पीकरची, ट्रॉलीवरची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या वाट्या आपापसात किणकिणत होत्या. आई ८४ वर्षांची, कानात कापूस, वर दोन्ही हात, आणि तरी म्हणत होती, "छातीत कोण मारतंय रे?" फोनवरचं ॲप ९८ डेसिबल दाखवत होतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५.

११२ ला फोन केला. पंधरा मिनिटांत मंडळाच्या पोराचा मला फोन! "काका, तक्रार तुम्हीच केलीत ना? आधी आम्हाला सांगायचं ना." तक्रारदाराचं नाव फोडू नका, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय. आमच्याकडे ते बहुधा अजून पोचायचंय. सकाळी स्कूटरच्या दोन्ही चाकांची हवा गेलेली.

वर्गणी देवासाठी दिली होती. गप्प बसायची ती फी नव्हती.

ताशाची_तर्री
काका, डीजेच्या भिंती बंद करा, मी तुमच्यासोबत सही करतो. पण दरवर्षी 'आवाज' म्हटलं की ढोलाला त्याच गोणीत भरता. आम्ही जुलैपासून नदीपात्रात सराव करतो, ऑफिस सुटल्यावर, पावसात. पट्ट्याचा वळ खांद्यावर ऑक्टोबरपर्यंत राहतो. २०२४ ला हरित लवादाने ढोल-ताशा पथकात ३०च माणसं म्हटलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. उगाच नाही दिली.

खिडकीकाका
गोणी माझी नाही, तुमची तुम्ही उचलून अंगावर घेतलीत. ढोलाचं मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

एरंडवण्याची_मावशी
मग मी लिहिते. नदीपात्र म्हणजे माझ्या खिडकीखाली. तुमचा 'सराव' मी जुलैपासून रोज संध्याकाळी दोन तास ऐकते. मुलाची बारावी होती. त्याला ठेका पाठ झाला, केमिस्ट्री नाही.

ताशाची_तर्री
मावशी, बारावी दरवर्षी कुणाची ना कुणाची असतेच हो.

रोखठोक_७७
२०२५ ला सरकारने गणेशोत्सव राज्य महोत्सव जाहीर केला आणि इथे लगेच ॲपवर डेसिबल मोजणं सुरू. एवढंच करायचं तर वर्षभर पहाटे वाजणाऱ्या भोंग्यांवर धागा काढा की. तिथे हिंमत होत नाही.

खिडकीकाका
ज्या निकालाचा मी उल्लेख केला तो भोंग्यांवरच्याच याचिकेतला आहे. ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असं त्यात म्हटलंय. तुम्हाला हवं तेच तर न्यायालयाने सांगितलं. आता ते आपल्या कोपऱ्यावरही लागू होतं म्हणून पोटात दुखतंय.

रोखठोक_७७
पोटात काही दुखत नाही. १५ दिवस बारापर्यंत वाजवायची सवलत कायद्यातच आहे, ती पण वाचा.

खिडकीकाका
वर्षात जास्तीत जास्त १५, तेही सरकारने जाहीर केले तर. आणि सवलत वेळेची आहे. ९८ ची नाही.

ओढ्याकाठची
मी आवाजाच्या बाजूची नाही, पण मंडळांना शिव्या घातल्या की मला गप्प बसवत नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढा घरात शिरला तेव्हा मी दोन मुलांना घेऊन ओट्यावर उभी होते, पाणी गुडघ्याच्या वर, लाइट गेलेली. कुणाचा फोन लागत नव्हता. दोर घेऊन जी तीन पोरं आली ती आमच्या कोपऱ्यावरच्या मंडळाची. मंडप बांधायचाच दोर होता, त्याला अजून झुरमुळ्या चिकटलेल्या. धाकटीला त्यातल्या एकाने खांद्यावर घेतलं. तो पोरगा मिरवणुकीत दारू पिऊन नाचतो, मला माहीत आहे. दरवर्षी दाराशी आला की मी वर्गणी देते.

खिडकीकाका
ताई, त्या पोराला माझा नमस्कार सांगा. खरंच. पण दोर त्याने तेव्हा आणला म्हणून आज भिंत आणायची मुभा त्याला मिळते का?

ओढ्याकाठची
मुभा म्हणत नाहीये मी. त्याला फोन करून सांगा म्हणतेय, ११२ ला नको. तुमच्याकडे पोराचा नंबर नव्हता, त्याच्याकडे मात्र तुमचा होता. यातच सगळं आलं.

खिडकीकाका
हं. लागलं.

साडेसातीचा_मतदार
एक विचारू? या सगळ्या रडारडीत मतदान किती जणांनी केलं? २० नोव्हेंबर २०२४ ला, बुधवारी, सुट्टी होती, आमच्या सोसायटीतली निम्मी जनता अलिबागला. हेच लोक वर्गणी मागायला आलं की नागरिकशास्त्राचा तास घेतात.

खिडकीकाका
केलं. २०२४ ला दोन्ही वेळा, लोकसभेला १३ मे, विधानसभेला २० नोव्हेंबर. आता तुम्ही सांगा, २०२५ च्या गणपतीत आवाजाची तक्रार घेऊन जायला माझा नगरसेवक कोण होता? महापालिकेची त्याआधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ला झाली होती. मार्च २०२२ पासून प्रशासक होता. साडेतीन वर्षं फ्लेक्सवर भावी नगरसेवकच हसत होता, आणि मिरवणुकीतली भिंतही त्याच्याच खर्चाने आली.

साडेसातीचा_मतदार
बरं, तुम्ही मतदान केलंत, तुम्हाला एक पेढा. बाकीच्यांचं काय?

शाडूवाली
काका, विषयांतर करते, पण तुमचा दीड दिवसाचा गणपती गेला कुठे? नदीत की हौदात?

खिडकीकाका
घरी. बादलीत.

रोखठोक_७७
बादलीत! आणि हे आम्हाला श्रद्धा शिकवणार. ज्या बादलीत कपडे भिजवता तिच्यात बाप्पा?

शाडूवाली
बादली नवी घेता येते हो. माझा प्रश्न वेगळा आहे. मूर्ती पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची होती ना? शाडूची असती तर 'बादलीत' एवढ्या चोरट्या सुरात सांगितलं नसतंत.

खिडकीकाका
होती पीओपीची. आईला तेच रूप हवं असतं, लालबागसारखं बसलेलं. ती विरघळवायला महापालिकेची पावडर आणली, अमोनियम बायकार्बोनेट.

पेणकर
शाडूवाली ताई, आमचा मूर्तींचा कारखाना तीन पिढ्यांचा, म्हणून बोलतो. शाडू पर्यावरणाला चांगली, कबूल. पण ती माती गुजरातेतून, भावनगरकडून ट्रकने येते. पावसाळ्यात वाळत नाही, जड, हाताळताना कान तुटतो. कान तुटलेली मूर्ती तुम्ही घेणार का? गिऱ्हाईक घासाघीस करून पीओपीच्या भावात शाडू मागतं, मग दोष कारागिराला.

शाडूवाली
मी घेते. गेल्या वर्षी उंदराचं शेपूट तुटलं होतं, कणकेने चिकटवलं. मुंग्या आल्या, पण चिकटवलं.

पेणकर
तुमच्यासारखी दहा गिऱ्हाइकं मिळाली तर कळवा. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पीओपी करायला आणि विकायला मोकळीक दिली, फक्त नैसर्गिक पाण्यात सोडू नका म्हणाले. जुलैत काय, तर सहा फुटांवरच्या मूर्ती मार्च २०२६ पर्यंत नैसर्गिक पाण्यात चालतील म्हणाले, लहान मात्र हौदातच. म्हणजे मंडळाचा वीस फुटी समुद्रात, आणि माझ्याकडून नेलेला फूटभराचा गुन्हेगार!

एरंडवण्याची_मावशी
हे मला माहीतच नव्हतं. मोठ्यांना नेहमीच सोडतात.

रोखठोक_७७
हौदातल्या मूर्ती नंतर कुठे जातात ते बघितलंय का कुणी? जेसीबीने उचलतात. तो व्हिडिओ बघून आमच्या घरी कुणी जेवलं नाही. म्हणून आम्ही नदीतच सोडतो, दंड करा नाहीतर काहीही करा.

शाडूवाली
नदीतल्याही आठवड्याने बघा की. सोंड नसलेल्या, गाळात रुतलेल्या. त्याचा व्हिडिओ मी पाठवते, तेव्हाही जेवू नका.

रोखठोक_७७
ताई, तोंड सांभाळून.

शाडूवाली
तुम्ही आधी नदी सांभाळा.

ताशाची_तर्री
आवाज वाढलाय हं इथला. काका, ॲप काढा.

खिडकीकाका
धागा माझ्या आईच्या छातीतल्या ठोक्यांचा होता. चाललाय बादलीवर. असो. ढोलाबद्दल मी काही बोललो नव्हतो, अजूनही बोलत नाही. नदीपात्राचं मावशींनी बघावं. आणि ओढ्याकाठच्या ताई, मंडळाच्या पोराला आज मीच फोन केला. स्कूटरचं विचारलं नाही. पुढच्या वर्षी भिंत कोपऱ्याऐवजी चौकात लावायला सांगितली. "बघतो" म्हणाला. त्याच्या 'बघतो'ला काय किंमत ते पुढच्या भाद्रपदात कळेल.

रोखठोक_७७
म्हणजे आधी फोन केला असता तर हा धागाच निघाला नसता. आमचंच खरं ठरलं.

खिडकीकाका
तुमच्या बाजूचं म्हणणं गावाला जा असं होतं. ते खरं ठरलेलं नाही.

साडेसातीचा_मतदार
काका, ती पावडर किती घालायची? आमच्याकडे अजून कपाटावर बसलाय, माळ्यावर ठेवू का बादलीत, यावर घरात मतदान चालू आहे.

खिडकीकाका
मूर्तीच्या वजनाइतकी. पाण्यात आधी ढवळून घ्या, मग मूर्ती सोडा. बाल्कनीत ठेवा, बाथरूममध्ये नको, वास डोळ्यात जातो, आम्ही दोन दिवस रडलो ते भक्तीने नव्हे. मधून मधून हलवा. सोंड आधी सुटते, मुकुट शेवटपर्यंत राहतो. वर रंगाचा तवंग येतो तो काढा, खाली खडू बसतो, पाणी पातळ करून झाडांना. आमच्या जास्वंदीला अजून काही झालेलं नाही.