आजींना तारीख येत नाही, तिथी येते. मार्क द्यायचा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, फिजिओथेरपीत मास्टर्स करतेय, शेवटचं वर्ष, कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालचं. डिसर्टेशन (प्रबंध) आहे साठीपुढच्या बायकांची स्मरणशक्ती आणि पडण्याचा धोका यावर. खटाव तालुक्यातल्या एका गावात डेटा घेतेय, चाळीस आज्या झाल्या, वीस राहिल्यात आणि आता अडकलेय.

स्मरणशक्तीला एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही टेस्ट वापरतेय, तीस मार्कांची. त्यात सुरुवातीलाच साल, महिना, तारीख. परवा एका आजींना तारीख विचारली तर अशा बघायला लागल्या जसं काय मलाच काही कळत नाही. "आगं आज संकष्टी न्हाई का, चंद्र बघून सोडायचाय उपास." मी गपचूप फोनवर बघितलं, खरंच संकष्टी! महिना ज्येष्ठ. साल? "त्ये तुमचं तुम्ही बघा." शंभरातून सात-सात वजा करा म्हटलं तर हसल्या, पण डेअरीचं दहा दिवसांचं दुधाचं बिल फॅटसकट तोंडपाठ. पुढे तर कागदावरचं वाचून तसं करा आणि एक वाक्य लिहा, शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला! चौदा मार्क पडले. म्हणजे कागदावर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश).

गाईड म्हणतात व्हॅलिडेटेड (तपासून सिद्ध झालेलं) टूल आहे, मनाने बदलायचं नाही, एथिक्स कमिटीने हेच मंजूर केलंय. तेही बरोबरच आहे म्हणा.

दुसरा घोळ टीयूजीचा, म्हणजे पडण्याचा धोका बघायच्या टाइम्ड अप अँड गो टेस्टचा. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका. एक आजी उठल्या, पदर खोचला, अर्ध्यात शेजारीण दिसली तर थांबून तिला विचारलं भाकरी झाल्या का. सव्वीस सेकंद. दुसऱ्या म्हणे तिथं रेघेपाशी काय ठेवलंय, उगं कशाला जायचं. खुर्ची शाळेतली प्लॅस्टिकची, हात नसलेली, आणि ह्या बायका आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या.

तिथीला मार्क देऊ का? आणि न शिकलेल्यांसाठी दुसरी कुठली टेस्ट आहे का?

प्रतिसाद १: एचएमएसई बघ, एमएमएसईचीच हिंदी आवृत्ती. हरियाणात बल्लभगडला खास न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठीच बनवली होती. त्यात वाचायला लावत नाहीत, माझ्याकडे बघून मी करते तसं करा म्हणून डोळे मिटून दाखवायचे. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा, आणि शंभरातून सात नाही तर वीसमधून तीन-तीन. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीसपुढच्या बहात्तर हजारांवर लोकांचा लासी हा म्हातारपणाबद्दलचा सर्व्हे केला ना, त्याच्या डिमेन्शियावाल्या भागातही हीच वापरलीय. पण म्हणून हिंदीवरून घरी बसून मराठी करू नकोस, भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर, मग थोड्या जणींवर ट्रायल, एवढं तरी लागतंच.

प्रतिसाद २: झालेल्या चाळीस जणींचे मार्क नियमाप्रमाणेच ठेव गं, तिथी शेजारी शब्दशः लिहून ठेव. किती वर्गापर्यंत शिकल्यात तो कॉलम आहे ना? नसेल तर आजच टाक. आणि टीयूजीला हाताची, साधारण सेहेचाळीस सेंटिमीटर उंचीची एकच खुर्ची सगळीकडे घेऊन फिर, ग्रामपंचायतीत असते. आधी एक राउंड न मोजता करून घे, शेजारणींना बाहेर बसव. थांबून गप्पा मारल्या तर ती ट्रायल रद्द, परत घे.

धागाकर्ती: दोघींचे खूप आभार. शिक्षणाचा कॉलम आहे, नशीब. खुर्ची सरपंचांकडून मिळाली. एचएमएसईसाठी एथिक्स कमिटीकडे अमेंडमेंट (बदलाचा अर्ज) टाकतेय, त्याला साधारण किती दिवस लागतात कुणी सांगेल का? घाई यासाठी की उरलेल्या वीसपैकी सात जणी वारीला निघाल्यात, लोणंदला माऊलींच्या पालखीत मिळणार आणि तिथून पंढरपूरपर्यंत पायी. आणि त्या सव्वीस सेकंदवाल्या आजीपण निघाल्यात.