एसीत दरवर्षी गॅस भरावाच लागतो का? सर्व्हिसचा खर्च तुम्हाला किती येतो?

पिंप्राळा, जळगाव
नमस्कार मंडळी, आमच्याकडे दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आणि हॉलमध्ये पत्र्याचा मोठा कुलर आहे. यंदा मार्चमध्ये मेकॅनिक आला, फिल्टर धुतले आणि म्हणे गॅस कमी झालाय, ३००० लागतील. मागच्या वर्षीही हेच, तेव्हा २५०० दिलेले, सर्व्हिसचे ६०० वेगळे. वर कुलरचं गवत आणि पंप. घरात सासूबाईंना बीपी आहे, मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत एसीशिवाय त्यांचं चालणारच नाही. खरंच दरवर्षी गॅस लागतो का?

भुसावळकर
ताई, मी हेच काम करतो. गॅस वापरून संपत नाही, तो बंद पाइपातच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न काढता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. आउटडोअर म्हणजे बाहेरच्या युनिटवर पाइप जोडलेल्या नटाजवळ तेलकट डाग दिसतो का बघा, बहुतेक वेळा तिथूनच जातो. मेकॅनिकला सांगा की आधी नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने चेक कर, मग व्हॅक्यूम मार, म्हणजे पाइपातली हवा पंपाने ओढून काढ, आणि गॅस काट्यावर मोजून भर, किती ग्रॅम ते आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर हळू चालत असला की नुसत्या प्रेशर गेजवरून गॅस किती आहे ते नीट कळत नाही. आणि हो, कॉइल धुळीने भरली तरी कूलिंग कमी होतंच, म्हणून गॅसचं बोलायच्या आधी जेट पंपाने दोन्ही युनिट धुवून घ्या.

धुळे, देवपूर
भाऊ बरोबर बोलले. फिल्टर आम्ही घरीच नळाखाली धुतो, पंधरा दिवसांनी, सीझनमध्ये धूळच एवढी येते ना भो. बाहेरचा माणूस वर्षातून एकदाच बोलावतो, ६०० च्या आसपास.

रावेरवाला
कुलरचं सांगतो. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, गवत एका सीझनमध्ये दगडासारखं कडक होतं, पाणी खाली उतरतच नाही, मग पंप जळतो. टाकी चार-आठ दिवसांनी पूर्ण रिकामी करून भरत जा, नुसतं वरून पाणी टाकलं की क्षार वाढतच जातो. गवताऐवजी हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार पॅड, महाग पडतात पण दोन-तीन सीझन निघतात. आणि ताई, पत्र्याचा कुलर आहे तर अर्थिंग आधी चेक करा, पाणी भरताना पिन काढून ठेवा, घरात पोरंबाळं असतील तर हे विसरूच नका, दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकने माणसं जातात. या कामाला पैसे कमी करू नका.

पिंप्राळा, जळगाव
खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच गच्चीवर जाऊन बघितलं, जाड पाइपाच्या नटाखाली खरंच तेलाचा काळा ओघळ आहे. उद्या मेकॅनिकला तोच दाखवते, लीक काढल्याशिवाय गॅस भरू देत नाही. रावेरवाले भाऊ, जुन्या पत्र्याच्या कुलरच्या जाळीत हनीकोंब बसतं का, की जाळीच बदलावी लागते?